ओळखीच्याचा पेपर तपासायला आला तर?

पुसदहून बोलतोय.

मागच्या आठवड्यात एका जर्नलचा मेल आला, हा पेपर तपासून द्याल का? उघडून बघतो तर विषय, आकडे, लिहिण्याची ढब, सगळं ओळखीचं. लेखकाचं नाव झाकलेलं होतं, पण पेपर माझ्या जुन्या सहकाऱ्याचा आहे हे दोन मिनिटांत कळलं. आता काय करायचं?

संशोधन छापण्याआधी त्याच विषयातली दोन-तीन माणसं ते तपासतात. हाच पिअर रिव्ह्यू. तपासणारा लेखकाचा दोस्त, स्पर्धक, गाईड किंवा एखाद्या कंपनीचा सल्लागार असेल, तर हितसंबंध आड येतात. हितसंबंध असणं म्हणजे लबाडी नाही बरं का. ते लपवणं ही लबाडी.

यात आपलं काय जातं? २०१७ आठवा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त जण गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. उद्या एखादं फवारणीचं औषध किती सुरक्षित आहे यावरचा पेपर त्याच कंपनीकडून मानधन घेणाऱ्याने तपासला, आणि कुणाला कळलंच नाही, तर? पाठीवर पंप घेणारा माणूस जर्नल वाचत नाही. त्याच्या वतीने प्रश्न विचारणं हे तपासणाऱ्याचं काम.

कधी संपादकाचाच हितसंबंध असतो. लेखकाच्या फीवरच दुकान चालत असेल, तर 'नाही' कोण म्हणेल? २०१८ मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत यूजीसीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली जर्नल्स तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त सुमार दर्जाची निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली.

मग उपाय? चांगल्या जर्नल्सचे नियम साधे आहेत. समीक्षकाने संबंध आधीच सांगायचा. ताजा सहलेखक किंवा एकाच कॉलेजातला माणूस समीक्षक नेमायचा नाही. संपादकाचा स्वतःचा पेपर दुसऱ्या संपादकाने हाताळायचा. लेखकाने पैसा कुठून आला ते पेपरातच लिहायचं.

मी काय केलं? संपादकांना दोन ओळी लिहिल्या: 'लेखक ओळखीचे वाटतात, दुसऱ्या कुणाला द्यावा.' फाईल डिलीट केली. मित्राला मात्र यातलं काही सांगितलं नाही, कारण गुप्तता नकार दिल्यावरही पाळायची असते.

पुढचा पेपर वाचाल तेव्हा शेवटी हितसंबंधांचा छोटा परिच्छेद शोधा. तो आधी वाचा, मग निष्कर्ष.

भेटू पुढच्या भागात!