चुन्याची निवळी आणि सात मिनिटं

शेजारची सातवीतली मुलगी कागदाची एक पिवळी पट्टी घेऊन घरभर हिंडत होती. साबणाच्या पाण्यात बुडव, ताकात बुडव, चहात बुडव. पट्टी कॉलेजातल्या ताईनं दिली म्हणाली. त्या ताईला बघायलाच मी गेलो.

सांगलीच्या विश्रामबागेत १९१९चं विलिंग्डन कॉलेज आहे, १९४७चं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आहे. विद्यार्थ्यांचा राबता इथं जुनाच. रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. त्या आठवड्यात इथल्या एका कॉलेजात शाळांची मुलं येतात आणि बी.एस्सी.ची पोरं त्यांना प्रयोग दाखवतात. दहा टेबलं, प्रत्येकाला सात मिनिटं. चुंबक, भिंगं, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा.

ताईच्या टेबलाशी हळदीचा आणि स्पिरिटचा वास. स्पिरिटमध्ये हळद कालवून गाळणकागद बुडवायचा, वाळवायचा, पट्ट्या कापायच्या. हे आदल्या रात्री झालेलं. मुलं आली की ती फक्त चुन्याची निवळी पुढं सरकवते आणि गप्प राहते. पट्टी तांबडी होते. "ताई, कुंकू झालं!" त्यावरही ती गप्प. शेजारच्या टेबलावरचा मुलगा तोवर पाठ केलेली माहिती घडाघडा सांगून मोकळा झालेला असतो. मला हिचं गप्प राहणंच खरं काम वाटलं.

आलेल्यांतल्या एका मुलाचे वडील मार्केट यार्डात हमाल. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण याच्या लेखी हळद म्हणजे पोती. त्यानं लिंबू पिळलं, पट्टी परत पिवळी. पुन्हा निवळी, पुन्हा तांबडी.

"ताई, असं कितीदा हुईल?"

"मोजून बघ की."

हळदीतलं कर्क्युमिन आम्लारीत प्रोटॉन गमावतं, त्याचं प्रकाश शोषणं बदलतं, आम्लात ते पूर्ववत होतं, हे तिला पाठ होतं. तिनं सांगितलं नाही. पोरगं मोजायला लागलं. चौथ्या खेपेला रंग फिकटला. हळद धुऊन जातेय का, म्हणून तो वाटीतलं पाणी निरखू लागला, तेवढ्यात शिट्टी झाली. सात मिनिटं.

तिनं त्याच्या मुठीत चार कोऱ्या पट्ट्या कोंबल्या. मग माझ्याकडं वळून, जरा रागानंच म्हणाली, "प्रत्येकानं पाचच टेबलं बघावीत, मी सरांना सांगणार आहे. चौदा मिनिटं मिळतील."

सरांनी ऐकावं.