वैद्यकीय बोधचिन्हातील संकेत

रुग्णालयांसाठी संगणकप्रणाली सिद्ध करणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह रेखाटताना चित्रकाराचा हात सहजच तांबड्या क्रुसाकडे वळतो. परंतु हे चिन्ह त्याला मोकळे नाही. १८६४ च्या जिनीव्हा करारात स्वीकारलेला हा क्रूस म्हणजे रंगांची उलटापालट केलेला स्विस ध्वज होय. रणभूमीवर त्याचा अर्थ ‘औषधोपचार’ एवढाच नसून ‘येथे शस्त्र चालवू नये’ असा आहे. दुकानांच्या पाट्यांवर तो पसरला की हा अर्थ झिजतो, आणि त्याची किंमत जखमी सैनिकाला मोजावी लागते. भारतात १९६० च्या अधिनियमाने त्याचा अनधिकृत वापर निषिद्ध ठरविला आहे.

दुसरा मोह सर्पदंडाचा. ग्रीकांचा वैद्यदेव अस्क्लेपिऑस याच्या दंडाला एकच साप असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हातही तोच आहे. दोन साप व पंख असलेला दंड हर्मीसचा. तो देवांचा दूत, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही देव. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये हा दुसरा दंड स्वीकारला आणि तेथे तो वैद्यकाचे चिन्ह म्हणून रूढ झाला. प्रतीक पूर्णतः यादृच्छिक नसते, असे सोस्यूरचे मत; येथे मात्र मूळ संबंध तुटूनही केवळ वहिवाटीने अर्थ टिकला. शब्दांच्या बाबतीत भाषाभ्यासकाला हे नवे नाही. निरोप पोचविणारा हर्मीस संगणकव्यवसायाला अधिक शोभेल, असेही कोणी म्हणेल. पण रुग्णांच्या खाजगी नोंदी सांभाळणाऱ्याने चोरांच्या देवाची खूण मिरवावी, हे चमत्कारिकच.