बेसी कोलमन : बंद दारापुढे न थांबलेली वैमानिक

बेसी कोलमन यांचा जन्म १८९२ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये, वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वर्ण आणि स्त्रीत्व या दोन कारणांनी अमेरिकेतील विमानशाळांनी त्यांना प्रवेश नाकारला. शिकागोत नखे रंगवण्याचे काम करता करता त्या फ्रेंच शिकल्या आणि फ्रान्सला गेल्या. १५ जून १९२१ रोजी त्यांना वैमानिकाचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री.

मायदेशी त्या विमानाच्या कसरती करू लागल्या. पण जिथे कृष्णवर्णीय प्रेक्षकांना मज्जाव, तिथे उड्डाणाला साफ नकार! आपल्या समाजासाठी विमानशाळा काढण्याचे स्वप्न १९२६ च्या अपघाती मृत्यूने अपुरे राहिले. १९२९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्या नावाने एरो क्लब उभा राहिला आणि ते काम पुढे गेले.

मित्रांनो, शिकून वर गेल्यावर आपण कोणासाठी दार उघडतो?