पाचगणीचं घर आणि पीण्याचं वेल्डिंग

पाचगणीत जुनं घर असलेल्या कुणाहीपुढे हेरिटेजचा विषय काढा, पहिली तक्रार ठरलेली असते. घर आमचं, गळकं छप्पर आमचं, खर्च आमचा. मग बाहेरून कुठला रंग लावायचा हे वारसा समितीने का ठरवायचं? माझ्या माहेरी ही तक्रार जेवणाच्या पंगतीत नेहमी निघते आणि ती खोटी नाही. पण मी स्वतः गेली बरीच वर्षं बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात नवऱ्याबरोबर एक लहानसं टूलरूम चालवते. आमच्या धंद्यात मंजूर ड्रॉइंगशिवाय कुणी धातूला हात लावत नाही. माल गिऱ्हाइकाचा, पैसा गिऱ्हाइकाचा, तरी जॉबमधलं एक भोक दोन मिलीमीटर सरकवायचं असेल तर आधी ड्रॉइंगवर बदल, त्यावर सही, आणि मग मशीन. जुन्या घरातल्या बदलांची तपासणी मला तशीच दिसते. धातू एकदा कापला की पहिल्यासारखा होत नाही, म्हणून आधी कागदावर विचार करायचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुमकूर रोड लागतो. तोच रस्ता पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा करत सुरूर फाट्याला पोचतो आणि तिथून वाईमार्गे पसरणीचा घाट चढला की पाचगणी. रात्रीच्या पुण्याच्या बसने मी याच रस्त्याने माहेरी जाते. दोन्ही गावांचा तसा काही संबंध नाही. पीण्या 1970 च्या दशकात उभं राहिलं. जवळच्या एचएमटी, बीईएलसारख्या सरकारी कारखान्यांच्या आसऱ्याने इथे लेथ, मिलिंग आणि प्रेसची छोटी छोटी युनिटं वाढली. पाचगणी त्याहून शंभरेक वर्षांनी थोरली. महाबळेश्वरात पावसाळा काढणं इंग्रजांना जमेना, म्हणून त्यांनी पूर्वेकडची ही कमी पावसाची जागा निवडली. 1860 च्या दशकात जॉन चेसन नावाच्या गृहस्थावर गाव वसवायची जबाबदारी आली. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारे सिल्व्हर ओक त्या काळच्या लागवडीची आठवण आहेत. मग शाळा आल्या (किमिन्स 1890 च्या दशकातली), पारशी कुटुंबांचे बंगले आले, आणि जांभा दगड, लाकूड आणि मंगलोरी कौलं यांची एक घडण इथे रुजली.

आमचं घर या घडणीतलंच, पण साधं. आजोबा एका बंगल्याचे कारभारी होते. मालकांनी पुढे आवारातलं हे घर त्यांना विकलं. समोर लांब व्हरांडा, त्याच्या कडेला लाकडी झालर, वळचणीला आधार देणारे बिडाचे ब्रॅकेट, आत तीन खोल्या आणि मागे पडवी. आता तिथे दादा आणि वहिनी राहतात. मुलं पुण्याला गेली, शेतीचं उत्पन्न नाही, म्हणून घरात पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायचं दादाने ठरवलं. त्याचा पहिला बेत असा होता: व्हरांडा काचांनी बंद करून हॉल मोठा करायचा, कौलं उतरवून रंगीत पत्रा घालायचा, खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमचं स्लायडिंग बसवायचं आणि वर एक खोली चढवायची.

इथे कायदा मध्ये येतो. तो नीट माहीत नसल्यानेच बहुतेक भांडणं होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

17 जानेवारी 2001 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. माथेरानची अशी अधिसूचना 4 फेब्रुवारी 2003 ची. लोकांना वाटतं की हे सगळं झाडं आणि डोंगरउतारांपुरतं आहे. पण 2001 च्या अधिसूचनेत निसर्गाच्या वारशाबरोबर माणसाने घडवलेल्या वारशाचाही उल्लेख आहे: ऐतिहासिक, वास्तुशास्त्रीय आणि सांस्कृतिक महत्त्वाच्या इमारती आणि परिसर शोधून काढावेत, त्यांच्या जतनाचा आराखडा करावा, आणि त्यांच्या आसपासचं बांधकाम 1995 च्या आदर्श नियमावलीच्या मसुद्याप्रमाणे नियंत्रित करावं. आणखी एक गोष्ट गवंडी आणि ठेकेदार सर्रास विसरतात. 2 डिसेंबर 2020 ला राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली, तिच्यातून गिरिस्थान नगरपरिषदा आणि अशी संवेदनशील क्षेत्रं वगळलेली आहेत. साताऱ्यात किंवा वाईत चालणारा नियम घाट चढून वर आला की चालेलच असं नाही.

तपासणीत काय बघतात हे समजून घ्यायला मुंबईचं उदाहरण सोयीचं. 1995 साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत 67 वा नियम आला, आणि देशात पुढे जे वारसा नियम झाले त्यांना तो नमुना ठरला. यादीतल्या इमारतीत दुरुस्ती, बदल, गिलावा, वैशिष्ट्यपूर्ण भाग काढून नवे बसवणं, इतकंच काय रंगकामसुद्धा आधी परवानगी घेतल्याशिवाय करता येत नाही. परवानगी महापालिका देते, पण वारसा समितीचा सल्ला घेऊन. इमारतींच्या श्रेणी केलेल्या असतात. पहिल्या श्रेणीत आतबाहेर कुठेच हात लावायचा नाही, फक्त इमारतीला बळकटी देण्यापुरतं काम. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर बहुतांशी चालतो, बाहेरचे बदल तपासले जातात. तिसऱ्या श्रेणीत त्याहून बरीच मोकळीक. म्हणजे प्रश्न फक्त 'बदल करायचा की नाही' एवढाच नसतो. कुठल्या बाजूला, किती उंच, कशात आणि परत पूर्ववत करता येईल असा आहे का, हे प्रश्न असतात.

पुण्याच्या एका वास्तुविशारद बाईंना आम्ही घर दाखवलं. त्यांनी आधी एक शब्दही न बोलता टेप काढून सगळं घर मोजलं. प्रत्येक खिडकी, वासे, झालरीची नक्षी, कौलांचा उतार, सगळं कागदावर आलं. मग त्या व्हरांड्यात बसल्या आणि दादाला म्हणाल्या, "हा व्हरांडा बंद केलात तर दोन गोष्टी जातील. रस्त्यावरून दिसणारा घराचा चेहरा जाईल, आणि समोरच्या भिंतीचं पावसापासूनचं रक्षण जाईल."

दुसरा मुद्दा दादाला लगेच पटला, कारण तो पावसाळे तिथे काढतो. जांभा सच्छिद्र दगड. त्याच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. आत शिरलेली ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, मीठ फुटतं आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. खोल वळचण आणि उघडा व्हरांडा या भिंतीवर पाऊस थेट पडू देत नाहीत. काचा लावल्या की पाऊस काचेवर आदळून खाली जोत्याशी साचणार. पत्र्याचंही तसंच: पावसाचा आवाज बोलू देत नाही आणि उन्हाळ्यात दुपारी खोली तापते. मंगलोरी कौल फुटलं तर ते एकच बदलता येतं. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला पहिला कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून ती एकमेकांत अडकणारी घडण फारशी बदललेली नाही.

म्हणजे समिती ज्याला वारसा म्हणते त्यातलं बरंचसं मुळात पावसाचं शहाणपण असतं. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. लोक समजतात की ही तपासणी पर्यटकांच्या फोटोंसाठी आहे. पण डोंगरावरच्या घराचा प्रत्येक जुना भाग कुठल्या तरी पावसाळ्यात शिकलेला असतो, आणि तो काढण्याआधी तो तिथे का आहे हे कुणीतरी विचारायलाच हवं.

शेवटी मंजुरीसाठी गेलेला आराखडा वेगळाच होता. व्हरांडा उघडा राहिला. पाहुण्यांच्या खोल्या आतल्या जुन्या खोल्यांतच बसल्या, न्हाणीघरं मागच्या पडवीच्या जागी गेली आणि त्यांचं छप्पर मुख्य आढ्याच्या खाली ठेवलं, म्हणजे रस्त्यावरून काही दिसत नाही. वरची खोली रद्द झाली. दादाचं उत्पन्न त्यातून येतं आहे, पण एक खोली कमी झाल्याची खंत त्याला आहे. ती मी खोडून काढत नाही.

माझ्या वाट्याला आले बिडाचे ब्रॅकेट. वळचणीखाली ओळीने बसवलेले, नेच्याच्या पानांची नक्षी असलेले. काहींचे बोल्टाचे कान तडकले होते आणि दोन नाहीसेच झाले होते. ठेकेदार म्हणाला, चौकोनी एमएस पाइपचे नवे करून देतो. बाईंचा आग्रह, दुरुस्त होईल तिथे दुरुस्तच करायचं. तडकलेले ब्रॅकेट गोणपाटात गुंडाळून बसच्या डिकीतून पीण्याला आले.

आमच्या शेजारच्या शेडमध्ये बेळगावकडचे एक वेल्डर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ब्रॅकेट हातात घेऊन ते म्हणाले, "ताई, बिडाला घाई केली की ते दुसऱ्या जागी तडकतं." त्यांनी आधी तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे धावणार नाही. सांधा ग्राइंडरने व्ही आकाराचा केला. मग सगळा ब्रॅकेट गॅसवर सावकाश तापवला, निकेलच्या रॉडने बोटभर लांबीचा टाका घातला आणि तो लाल असतानाच छोट्या हातोडीने ठोकला. थोडं थांबून पुढचा टाका. वेल्डिंग झाल्यावर ब्रॅकेट चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर निवू दिला. सकाळी सांधा घासल्यावर नक्षीची रेघ अखंड होती.

हरवलेल्या दोन ब्रॅकेटचं काम अधिक अवघड निघालं. जुना ब्रॅकेटच साच्यासाठी वापरला तर चालणार नव्हतं, कारण बीड ओतल्यावर थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलीमीटर आकसतं. नवा नग जुन्यापेक्षा लहान झाला असता आणि भिंतीतली भोकं जुळली नसती. म्हणून आकसण्याची मोजपट्टी धरून सागाचा फर्मा केला, बेळगावच्या एका फाउंड्रीत ओतून घेतला आणि बोल्टाची भोकं आमच्याच ड्रिलिंग मशीनवर पाडली. नव्या नगांच्या मागच्या बाजूला ओतीव वर्ष टाकलं. जतनाच्या कामात ही पद्धत चांगली मानतात: समोरून जुन्याशी जुळावं, पण उद्या कुणी अभ्यास करायला आलं तर नवं कुठलं ते कळावं.

जगात इतरत्रही हे असंच चालतं. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहराने 1931 साली जुन्या वस्तीसाठी असा कायदा केला. कोलोरॅडोच्या डोंगरातलं टेल्युराइड हे जुनं खाणींचं गाव 1961 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. तिथे घराचा बाह्य बदल गावच्या समितीपुढे न्यावा लागतो. तिथल्याही घरमालकांना वेळ आणि खर्च या दोन्हींचा जाच होतोच.

आपल्याकडे मात्र जाचाची भरपाई अपुरी आहे, आणि हे ठामपणे सांगायला हवं. वारशाच्या बंधनामुळे मुंबईत मालकाचं बांधकामाचं हक्काचं क्षेत्र वापरता येत नसेल तर त्याला हस्तांतरणीय विकास हक्क मिळण्याची तरतूद आहे. डोंगरावरच्या चार खोल्यांच्या घराला त्याचा काय उपयोग? त्याला घरपट्टीत सवलत हवी, चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्यांची यादी हवी, आणि दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज हवं. वारसा सगळ्या गावाचा म्हणायचा आणि बिल एका घराला द्यायचं, हे बरोबर नाही. लोक गुपचूप कौलं उतरवतात त्यामागे कायद्याविषयीच्या रागापेक्षा पैशाची चणचण जास्त असते, असं मला माहेरच्या गावात दिसलं आहे.

तरीही पाचगणी, महाबळेश्वर किंवा माथेरानमध्ये ज्यांचं जुनं घर आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी नगरपरिषदेत जा, तुमच्या घराचं नाव यादीत आहे का आणि कुठल्या श्रेणीत आहे ते लेखी विचारा. घराचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, खिडक्या-दारांची मापं घ्या. जे मोडलं आहे ते टाकून देऊ नका. बीड असेल, पितळ असेल, कोरीव लाकूड असेल, ते जोडून देणारे कारागीर कोल्हापूर, बेळगाव आणि आमच्या पीण्यात आजही आहेत.