एका झेंडूला किती नदी लागते?

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत पुण्याच्या मार्केट यार्डाच्या फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. पुरंदर, दौंड आणि साताऱ्याकडून आलेला झेंडू गाळ्यांपुढे ढिगाने पडलेला, शेजारी गुलछडी, शेवंती, ॲस्टर. अडते भाव पुकारतात, किरकोळ विक्रेते फूल दाबून बघतात, हमाल ओझ्याखालून वाट मागतात. इथून निघालेला झेंडू तोरणात जातो, हारात जातो, आणि विसर्जनाच्या दिवशी त्याचं नाव बदलतं: निर्माल्य. मग ते मुठा नदीत सोडलं की आपण मोकळे. फूलच ते, कुजून जाईल!

कुजून जातं, हे खरंच. पण कुजणं म्हणजे नेमकं काय, हे एकदा आकड्यांत मांडून पाहिलं की थक्क व्हायला होतं.

मध्यम आकाराचा एक झेंडू भरतो आठ-दहा ग्रॅम. त्यातलं बहुतेक पाणीच. कडकडीत वाळवला तर हाती उरतो जेमतेम एक ग्रॅम. हा एक ग्रॅम म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंची मेजवानी. ते तो खातात, आणि खाताना आपल्यासारखाच प्राणवायू वापरतात. एक ग्रॅम सेंद्रिय पदार्थ पुरता संपवायला ढोबळमानाने एक ग्रॅम प्राणवायू लागतो, क्वचित थोडा जास्तच.

एक ग्रॅम हवेत काहीच नाही, कारण हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायूच असतो. पाण्यात मात्र त्याची विलक्षण टंचाई असते. पुण्याच्या उंचीवर आणि तपमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरतो साडेसात-आठ मिलिग्रॅम. ग्रॅम नव्हे, मिलिग्रॅम. आता भागाकार करा. एक झेंडू पूर्ण कुजायला सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडतो. माशांना सुखाने जगायला लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम तरी शिल्लक लागतो, म्हणजे त्यांच्या हिशेबाने एका फुलाने याच्या दुप्पट पाणी बिघडवलं. हार बाजूला ठेवा, मी एका फुलाबद्दल बोलतोय.

विसर्जनाच्या दिवशी घाटावर निर्माल्य हातातून घ्यायला उभ्या राहणाऱ्या कचरावेचक बायकांकडे या भागाकारानंतर वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं. त्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली उभी राहिली, आणि तिच्यातून पुढे ही संस्था निघाली. त्या पंचायतीमागे बाबा आढाव होते. मार्केट यार्डातल्या हमालांची हमाल पंचायत बांधणारेही तेच. फुलांचं ओझं बाजारात वाहणारे आणि तीच फुलं नदीच्या तोंडातून काढून घेणाऱ्या, दोघांच्या संघटनांचं गोत्र एकच. गोळा केलेल्या निर्माल्याचं खत होतं. तिथेही जिवाणू प्राणवायू खातातच, पण ढिगाऱ्यातल्या हवेतला. हवेला त्याचं काही वाटत नाही.

निर्माल्यासोबत पाण्यात जाणाऱ्या मूर्तीचं कोडं पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सोडवून पाहिलं. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, पण त्या पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घातलं की मूर्ती फसफसत विरघळते. बादलीत खाली उरतो खडूसारखा साका, वर राहतं अमोनियम सल्फेट, म्हणजे चक्क खत. २०१६ पासून महापालिकेने ही पूड लोकांना वाटायला सुरुवात केली. फक्त ते पाणी बागेत ओतायचं. नदीत ओतलं तर जलपर्णीची चंगळ.

आता या सगळ्याला छेद देणारा आकडा. एका माणसाच्या दिवसभराच्या मैलापाण्याची प्राणवायूची भूक साधारण ४५-५० ग्रॅम असते. म्हणजे सहा हजार लिटर स्वच्छ पाण्याचा सगळा प्राणवायू, एका माणसामागे, रोज. ज्या मैलापाण्यावर प्रक्रिया होत नाही, त्याची ही भूक थेट नदीवर पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते, आणि मुळा व मुठा अगदी वरच्या, म्हणजे सर्वांत वाईट वर्गात. निर्माल्य वर्षातून काही दिवस, मैलापाणी बारा महिने. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ नवी शुद्धीकरण केंद्रं उभारायची योजना याच भुकेसाठी आहे.

त्यातून मुठेकडे पाणीच कुठे उरलंय? खडकवासल्याचं धरण १८७९ सालचं. तिथून निघालेला उजवा कालवा पर्वती, स्वारगेटच्या अंगाने शहर ओलांडून हडपसरकडे आणि पुढे दौंड, इंदापूरच्या शेतांकडे जातो. उन्हाळ्यात नदीचं खरं पाणी मार्केट यार्डाजवळून या कालव्याने वाहतं, आणि नदीच्या पात्रात मुख्यतः नाले वाहतात. त्यातली नागझरी ही जुन्या कसब्याची पूर्वेकडची शीव. बिबवेवाडी-गुलटेकडीकडचं पाणी घेऊन ती पेठांमधून मुठेला मिळते. नाव झरीचं, वास गटाराचा.

मग रविवारी सकाळी विठ्ठलवाडीला किंवा औंधला नदीकाठी जमणारी माणसं काय मिळवतात? नदीसाठी काम करणाऱ्या ‘जीवितनदी’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’ म्हणत नदीचे तुकडे वाटून घेतले आहेत. दर आठवड्याला त्याच तुकड्यावर यायचं. खडकांत आणि मुळांत अडकलेल्या साड्या, प्लॅस्टिक, देवांच्या तसबिरी ओढून काढायच्या. मला आधी हे नुसतं रंगसफेदीचं काम वाटायचं, पण पाण्याचं शास्त्र वाचल्यावर मत बदललं.

नदीला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. संथ, साचलेलं पाणी तो फार हळू घेतं. दगडांवरून खळाळणारं, फुटणारं पाणी भराभर घेतं. शिवाय त्या दगडांवरचा बुळबुळीत थर, ज्यावरून आपला पाय घसरतो, तो जिवाणू आणि शेवाळांची दाट वस्ती असतो. वरून जाणाऱ्या पाण्यातली घाण हाच थर पकडून पचवतो. मैलापाणी शुद्धीकरणाच्या काही जुन्या केंद्रांत दगडांच्या ढिगावर पाणी शिंपडतात, ती हीच नदीची युक्ती. दगडावर प्लॅस्टिक बसलं की थर मेला. काठ सिमेंटने बांधून पात्र गुळगुळीत केलं तर दगडही गेले आणि काठातून पाझरणारे झरेही. ‘जीवितनदी’चे लोक नदीकाठ सुधार प्रकल्पावर एवढे चिडतात, त्याचं कारण मला इथे सापडतं.

त्यांचा दुसरा हट्ट घरातला आहे: साबण, शांपू, फरशी पुसायचं रसायन कमी करा. शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू अन्न खातात. प्रत्येक कृत्रिम रसायन त्यांना पचेलच असं नाही. न पचलेलं तसंच पुढे जातं, मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत.

पाण्यात प्राणवायू आहे की नाही, हे साध्या डोळ्यांनी पाहायची एक रीत हंगेरीच्या लायोश विंक्लरने १८८८ साली शोधली, आणि ती आजही चालते. काचेची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची. तिच्यात आधी मँगनीजच्या क्षाराचे थेंब, मग आयोडाइड मिसळलेला अल्कली. बाटलीत ढगासारखा साका उतरतो. प्राणवायू असेल तर तपकिरी, जितका जास्त तितका गडद. नसेल तर पांढराशुभ्र. धरणाच्या वरच्या ओढ्याचं पाणी तपकिरी होतं, सांडपाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी भरलेली बाटली पांढरी राहते. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे सामान मिळेल. अट एकच: बाटलीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला, तरी तो आपला प्राणवायू पाण्याला देतो आणि खोटा तपकिरी रंग दाखवतो. तसं झालं की बाटली ओतून द्यायची आणि पुन्हा पाण्यात हात घालायचा.