पणजोबा मोकदम होते? मग कोयता शोधू नका!

2023मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि घरोघरचे पणजोबा एकदम महत्त्वाचे झाले. मोडी वाचणाऱ्यांचा भाव वधारला. पण कागद हाती आला तरी फजिती टळत नाही. नावापुढचा शब्द ओळखीचा, अर्थ मात्र भलताच!

मोहोळ तालुक्यात टाकळी सिकंदरच्या साखर कारखान्याकडे कुणालाही विचारा, मुकादम म्हणजे उचल घेऊन ऊसतोडीची टोळी आणणारा. पेशवाईतल्या कागदातला 'मोकदम' मात्र थेट गावचा पाटील. आणि पाटील वाचून जात ठरवायला जाल तर हमखास फसाल. मराठा, लिंगायत, जैन, धनगर, मुसलमान, सगळ्यांत पाटील आहेत.

'राणोजी बिन मालोजी' म्हणजे मालोजीचा मुलगा राणोजी. बाईच्या नावापुढे 'कोम' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं.

आमचा लाडका हुद्देदार म्हणजे पोतदार. त्या काळी नाना टाकसाळींचे रुपये बाजारात फिरत. कुठला चोख, कुठल्यावर बट्टा बसणार, हे पारखायचं काम त्याचं. बहुधा तो गावचा सोनारच असे. वसुलीला पाटील-कुलकर्णी ऐटीत बसलेले, पण रयतेचे डोळे पोतदाराच्या बोटांवर. त्यानं नाणं परत सरकवलं की आली का पंचाईत!

आडनावाच्या शेपटीला 'नीस' असेल तर पूर्वज लेखणीवाले. चिटणीस पत्रं लिही, पोतनीस खजिन्याचा हिशेब ठेवी, पागनीस घोड्यांच्या पागेचा, पारसनीस फारसी पत्रव्यवहार सांभाळी. थोडक्यात, अख्खं सचिवालय.

गावगाड्यातला कोळी दिसला की लगेच जाळं आणि मासे डोळ्यांपुढे आणू नका. बलुत्यात त्याचं काम पाणी भरायचं.

कोतवालाची तर कमालच. पेशव्यांच्या पुण्यात तो शहराचा बंदोबस्त पाहणारा बडा अंमलदार, खेड्यात तलाठ्याच्या हाताखालचा गडी. पण वंशावळ काढणाऱ्यानं त्याला विसरू नये. जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना 14 'कोतवाल बुक' म्हणूनच ओळखला जातो. आता तलाठी झालेत ग्राम महसूल अधिकारी आणि कोतवाल महसूल सेवक. पतवंडांच्या डोकेदुखीची सोय आपण आत्ताच करून ठेवली म्हणायची.

शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश उघडा, नाहीतर त्रिंबक नारायण आत्रे यांचं 1915चं 'गाव-गाडा'. बलुतेदारांची कामं, हक्क आणि कुरबुरी त्यात इतक्या बारकाईनं आल्यात की आजही वाचताना मजा येते.

आणि कागदच नसेल तर? कर्नाटकच्या सीमेलगत हेळवी फिरतात. पूर्वी ते बैलावरून दारात येत, घराण्यातल्या पिढ्यांची नावं घडाघडा सांगत, नव्या बाळाचं नाव त्यात जोडत आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला निघत. तुमच्या भावकीकडे कुणी हेळवी येत असेल, तर नुसती नावं उतरवून घेऊ नका. कोण काय काम करायचं, तेही विचारा.