अक्षता पडतानाच चित्राचे चौकोन का होतात?

लेखमाला : घरची चित्रफीत – भाग ४

मागच्या भागात आपण लग्नाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. आता ती डीव्हीडीवर घ्यायची आहे, म्हणजे घरच्या थोरांना प्लेअरवर लावून बघता येईल. सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं आणि दोष मात्र बिचाऱ्या डिस्कला दिला जातो. महागाची डिस्क आणली, सावकाश बर्न केली की चित्र सुधारतं, हा गैरसमज आधी काढून टाकू. डिस्क किती वर्षं टिकेल आणि प्लेअरमध्ये अडखळेल का, एवढंच त्याने ठरतं. चित्र कसं दिसणार हे बर्न करण्याआधीच, एन्कोडिंगच्या, म्हणजे चित्रण दाबून लहान करण्याच्या वेळी ठरून गेलेलं असतं.

आधी हिशेब करू. डीव्ही फॉरमॅटमध्ये उतरवलेल्या तासाभराच्या चित्रणाला साधारण १३ जीबी जागा लागते. तीन तासांची कॅसेट म्हणजे ३९ जीबी. साध्या डीव्हीडीत मावतात ४.७ जीबी. म्हणजे चित्रण आठ-नऊपट दाबावं लागणार, हे उघड आहे.

४.७ जीबी म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. चित्रण जितके सेकंद चालतं, त्याने याला भागलं की सेकंदाला किती मेगाबिट वाट्याला येतात ते कळतं. यालाच बिटरेट म्हणतात. दीड तासाला जवळपास ७, दोन तासांना ५.२, तीन तासांना ३.५. ‘दोन कॅसेट एकाच डीव्हीडीत बसवून देतो’ असं दुकानदार म्हणाला, तर सहा तासांना उरतात जेमतेम १.७. जुन्या व्हीसीडीचा व्हिडिओ बिटरेट १.१५ होता, पण तिचं चित्र डीव्हीडीच्या पावपटच होतं. म्हणजे या डीव्हीडीचे हाल व्हीसीडीपेक्षाही वाईट.

आवाजाचा वाटाही यातूनच जातो. पीसीएम आवाज दीड मेगाबिट खातो, तर डॉल्बी डिजिटल ०.२ मध्ये भागवतो. कॅसेटवरच्या सनईला आणि मंगलाष्टकांना डॉल्बी पुरून उरतं. तीन तासांच्या डिस्कवर पीसीएम ठेवलं, तर चित्राला दोनच मेगाबिट उरतात.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे वळू. डीव्हीडीवरचं एमपीईजी-२ तंत्र दर सेकंदाची २५ चित्रं पूर्णच्या पूर्ण साठवत नाही. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण ठेवतं आणि मधल्या चित्रांत काय बदललं तेवढंच टिपतं. हे काम चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडून चालतं. अंतरपाट धरलाय, भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत, सगळे स्तब्ध उभे आहेत, अशा वेळी बदल फारसा नसतो आणि दोन मेगाबिटमध्येही चित्र स्वच्छ राहतं. मग शेवटचं ‘सावधान’ होतं आणि चारी बाजूंनी अक्षता उडतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. त्यात फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की क्षणभर सगळं चित्रच बदलतं. आधीचं काहीच कामाला येत नाही, बिट मोजकेच, त्यामुळे एन्कोडर बारकावे टाकून देतो आणि चौकोन उघडे पडतात. जो क्षण बघायला डिस्क लावायची, नेमका तोच खराब होतो.

यावर उपाय म्हणजे टू-पास व्हीबीआर. बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. पहिल्या फेरीत एन्कोडर सगळं चित्रण नुसतं तपासतो आणि गडबड कुठे, शांतता कुठे याची नोंद करतो. दुसऱ्या फेरीत अंतरपाटाचे वाचलेले बिट अक्षतांना देतो. वेळ दुप्पट लागतो, पण लागू द्या. कमाल बिटरेट ८ ठेवा. व्हिडिओसाठी नियमाने ९.८ पर्यंत परवानगी आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर त्या टोकाला गेलं की जुने प्लेअर अडखळतात.

कॅसेटवरच्या मुंग्याही बिट खातात. एन्कोडरला मुंगी आणि अक्षत यांतला फरक कळत नाही, दोन्ही त्याला हालचालच वाटतात. म्हणून आधी हलकं नॉइज रिडक्शन करून घ्या. हलकंच करा, नाहीतर चेहरे मेणाचे दिसू लागतात.

तीन तासांची कॅसेट दोन डिस्कवर घ्या, किंवा ८.५ जीबीची ड्युअल लेअर डिस्क वापरा. एकाच साध्या डिस्कवर बसवायचीच असेल, तर ७२० बाय ५७६ ऐवजी ३५२ बाय ५७६ हा आकार निवडा. तो डीव्हीडीच्या नियमात बसतो. व्हीएचएसवर आडव्या दिशेचा तपशील मुळातच सुमारे २४० रेषांचा असतो, त्यामुळे गमवायला फार काही नसतं आणि उरलेल्या ठिपक्यांना बिट भरपूर मिळतात.

आता दोन सेटिंग. कॅसेटवरचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी टिपलेलं असतं. या भागांना फील्ड म्हणतात. डीव्हीडीसाठी ते तसेच ठेवा, डीइंटरलेस करू नका. फील्डचा क्रम मात्र मूळ फाइलचाच हवा. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, तर अनेक कॅप्चर कार्डांत वरचं. क्रम उलटला, तर वरातीतला घोडा पुढे-मागे थरथरत चालतो. दुसरं म्हणजे चित्राचं प्रमाण ४:३ च ठेवा. पडदा भरण्यासाठी १६:९ केलंत, तर नवरी उगाच जाडी दिसते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या कॅसेट एनटीएससी असतात : ४८० ओळी, सेकंदाला सुमारे ३० चित्रं. त्यांचं आपल्याकडच्या पाल पद्धतीत रूपांतर करू नका. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात. तिकडच्या प्लेअरना मात्र पाल अनेकदा चालत नाही, म्हणून तिकडे डिस्कऐवजी फाइल पाठवा.

बर्न करण्याबद्दल थोडक्यात. पाच मिनिटांचा तुकडा आधी डीव्हीडी-आरडब्ल्यूवर घेऊन टीव्हीवर तपासा. तुकडा अक्षतांचा आणि वरातीचा निवडा. डिस्क काठोकाठ भरू नका, कारण लेखन आतून बाहेर होतं आणि चुका बाहेरच्या कडेला जास्त होतात. मधला वेग ठेवा, शेवटी ‘व्हेरिफाय’ करा, वर स्टिकर चिकटवू नका आणि डिस्क उन्हात ठेवू नका.

एवढं करूनही डीव्हीडी ही पाहण्याची प्रत आहे, जपण्याची नव्हे. एकदा टाकलेले बारकावे त्यातून परत काढता येत नाहीत. आणि पुन्हा कॅसेट लावू म्हणाल, तर व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी फुनाईने २०१६ मध्येच उत्पादन थांबवलं. म्हणून डिस्क तयार झाली तरी ती ३९ जीबीची मूळ फाइल पुसू नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. पुढच्या आठवड्यात मिनीडीव्ही कॅसेटकडे वळू. तोवर माळ्यावरचा कॅमेरा आणि त्याची फायरवायर केबल शोधून ठेवा.